अभयारण्यात घाबरायचं कोणी?

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे पाटणादेवीला गेलो होतो. बोदवडहून अंधारातच निघालो, भुसावळला गाडी बदलली, चाळीसगावला उतरून जीप केली. देवळात चंडिकेचं दर्शन घेतलं आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणारी वाट धरली. दहाच्या सुमारास एका अंजनाच्या सावलीत शिदोरी सोडली. कळण्याची भाकरी, कांदा, ठेचा. ठेच्याची डबी मित्राच्या सॅकमध्ये होती. मी हात घातला, तर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड आणि थंडगार हाताला लागलं.

"काय आहे रे हे?"

"राहू दे. असू दे सोबतीले."

गावठी कट्टा होता. असा कट्टा तोवर मी फक्त बातम्यांतल्या फोटोत पाहिला होता: टेबलावर ओळीने मांडलेला, मागे पोलीस उभे, पुढे रुमालाने तोंड झाकलेली दोन पोरं. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशाच्या हद्दीत उमर्टी नावाचं गाव आहे. जळगाव जिल्ह्यात कट्टा सापडला की त्या गावाचं नाव हमखास येतं. आमच्याकडच्या पोरांना ते नाव शाळेच्या भूगोलातून नव्हे, पेपरातून पाठ झालेलं असतं. पण आपल्याच भाकरीशेजारी तो ठेवलेला बघणं वेगळं.

आमच्यातला एक जण हसला. दुसऱ्याला तो हातात धरून स्टेटस ठेवायची हौस आली. मी मात्र ताडकन उठलो आणि म्हणालो, हे सोबत असेल तर मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. मग तासभर भांडण झालं. पितळखोरा राहिला बाजूला, आम्ही आल्या वाटेने परत फिरलो. चाळीसगाव ते भुसावळ कोणी कोणाशी बोललं नाही.

त्या तासाभरात मी बरंच बोललो. त्यातलं निम्मं आज मला पटत नाही. कुठलं निम्मं, ते शोधायला म्हणून हे लिहितोय. मित्राने वाचून होकार दिला आहे. त्याचं नाव आणि गाव मात्र मी लिहिणार नाही.

सगळ्यात आधी मी कायदा काढला. भांडणात माणूस जी वस्तू पटकन हाताला लागते ती फेकतो, तसं. विनापरवाना कट्टा बाळगला तर तुरुंग आहे, हे त्यालाही माहीत होतं. ते सांगून काय होणार? पण घरी आल्यावर मी मोबाइलवर दोन्ही कायदे उघडून वाचले आणि त्यात मला अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं.

1959 चा शस्त्र कायदा 'शस्त्र' म्हणजे काय ते सांगताना काही वस्तू मुद्दाम वगळतो. शेतीच्या आणि घरगुती वापराच्या वस्तू शस्त्र नाहीत आणि उदाहरण म्हणून त्यात चक्क लाठी आणि साधी चालायची काठी यांची नावं आहेत. म्हणजे आमच्या आबांच्या हातातली काठी कायद्याच्या लेखी निरुपद्रवी आहे. (आबांनी त्या काठीने काय काय केलं आहे ते कायद्याला कोणी सांगू नये.) याउलट 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा 'शस्त्र' या शब्दात बंदुकीबरोबर धनुष्यबाण, सुरी, फास, जाळंसुद्धा धरतो. त्याचं कलम 31 सांगतं की लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन कोणीही अभयारण्यात शिरायचं नाही. कांदा कापायला मी नेलेली सुरी काटेकोर अर्थाने त्यात बसते. पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते. तेव्हा त्या दिवशी अंजनाखाली गुन्हेगार एकटा मित्र नव्हता.

पुढे कलम 11 वाचलं. स्वतःचा किंवा दुसऱ्या कोणाचा जीव वाचवताना, चांगल्या हेतूने, वन्यप्राणी मारला गेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. बिबट्या अंगावर आला आणि तुम्ही त्याला मारलंत, तर कायदा तुम्हाला सोडतो. पण लगेच पुढे एक अट आहे: ती वेळ आली तेव्हा तुम्ही स्वतः याच कायद्याविरुद्ध काही करत असाल, तर ही सूट तुम्हाला नाही. म्हणजे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरलात आणि मग जीव वाचवायला ते चालवलंत, तर 'जीव वाचवायला' हे कारण तुमच्या मदतीला येणार नाही. हेच आपल्या शेतात, आपल्या बांधावर घडलं तर येईल.

ही अट मला पहिल्यांदा निव्वळ वकिली वाटली. तिच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरा मुद्दा मी काढला तो असा की कट्ट्याचा उपयोगच काय? इथे मी बरोबर होतो असं अजून वाटतं. बिबट्या समोर येऊन, मान डोलावून, आपली तयारी झाली का ते विचारत नाही. तो आला तर मागून किंवा बाजूने येतो, आणि बहुतेक वेळा येतच नाही, आपल्याला पाहून निघून जातो. अस्वलाचं आणखी विचित्र. आमच्या पूर्वेला, बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेच्या जंगलात अस्वलं बरीच आहेत. ते वारुळ उकरण्यात गुंग असतं, आपण दहा पावलांवर पोचेपर्यंत त्याला पत्ता नसतो, आणि मग दचकून ते थेट अंगावर येतं. त्या दहा पावलांत सॅक खांद्यावरून काढायची, चेन उघडायची, टॉवेल सोडायचा, कट्टा हातात घ्यायचा आणि नेम धरायचा. त्यातही गावठी कट्टा. तो पुढे फुटेल की हातात, हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

ही नुसती माझी कल्पना नाही. अमेरिकेत अलास्का नावाचं राज्य आहे, तिथे लोक जंगलात बंदूक सर्रास नेतात. तिथल्या अस्वलांच्या 1883 ते 2009 या काळातल्या 269 घटना शास्त्रज्ञांनी गोळा केल्या, ज्यांत माणसाजवळ बंदूक होती. 2012 साली त्यांनी निष्कर्ष छापले. बंदुकीने अस्वल हटलं अशा घटना पुष्कळ होत्या, पण बंदूक चालवलेल्या आणि न चालवलेल्या माणसांना झालेल्या इजांमध्ये फरक दाखवता आला नाही. हातातल्या बंदुकीपेक्षा डोक्याने वागणं जास्त कामाला येतं, असा त्याचा मतितार्थ. त्याआधी त्यांनीच मिरचीच्या फवाऱ्याचाही अभ्यास केला होता. तो दहातल्या नऊ वेळा लागू पडला. अलास्कातलं अस्वल म्हणजे गौताळ्यातला बिबट्या नव्हे, हे मान्य. तरी बंदूक म्हणजे सुरक्षितता हे समीकरण आपण समजतो तितकं पक्कं नाही.

आणि रानात माणूस मरतो कशाने? भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला साधारण 58 हजार. त्यावर इलाज आहे बूट, टॉर्च आणि पुढे आपटत जायची काठी. डोंगरात फिरणाऱ्यांच्या अंगावर आग्या मोहोळ उठतं. त्यावर गोळी झाडून पाहावी कोणी. खानदेशातल्या एप्रिलच्या उन्हात पाणी संपलं तर चक्कर येऊन माणूस घळीत पडतो. मी नऊ-दहा वर्षं हे डोंगर फिरतोय. जिवावरचे म्हणावेत असे दोन प्रसंग आले, दोन्ही वेळा पाय घसरला होता.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता आणि भाकरीचे तुकडे मोडत होता. मग म्हणाला, "आन् चाललाच तर? एकदा चाललाच, तर?"

उपयोगाच्या मुद्द्याची गंमत हीच आहे. उद्या कोणी शंभर टक्के चालणारं हत्यार काढलं तर माझं सगळं भाषण फुकट. मग मी काय म्हणेन? ठीक आहे, ने? नाही, तरीही मला ते नको असेल. म्हणजे माझं खरं कारण दुसरंच काहीतरी आहे, आणि अलास्काची आकडेवारी मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातली होती.

खरं कारण शोधायला मला जरा लांबून यावं लागेल.

28 एप्रिल 1819. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या डोंगरात वाघाच्या शिकारीला आला होता. वाघुर नदीच्या दरीत, झाडीआड, त्याला लेण्याची कमान दिसली. अजिंठ्याच्या 'शोधाची' ही गोष्ट आपल्याला गाइडपासून पुस्तकापर्यंत सगळे सांगतात. त्याने दहाव्या लेण्यात जाऊन, शेकडो वर्षं जुन्या चित्रावर, आपलं नाव आणि तारीख कोरली, हेही सांगतात. शिकार मिळाली की नाही ते कोणी सांगत नाही. मला त्या नावाचं कायम आश्चर्य वाटत आलं आहे. समोर अख्खी भिंत भरून चित्रं आहेत, आजूबाजूला अनोळखी जंगल आहे, आणि या माणसाला पहिली इच्छा होते ती आपली सही करायची. हातातल्या बंदुकीचा आणि त्या कोरलेल्या नावाचा संबंध आहे असं मला वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1825 मध्ये, जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. बंडखोर भिल्लांनाच इंग्रजांच्या चाकरीत आणण्याची ती युक्ती होती. औट्रम शिकारी म्हणून नावाजलेला होता. खानदेशच्या डोंगरांत त्याने वाघ मारले, आणि त्याचा वचक भिल्लांवर बसला त्यात या शिकारींचा वाटा मोठा होता. तेव्हा इकडे वाघ भरपूर होते. आज गौताळ्यात बिबटे आहेत, पण वाघ कधी फिरकला तर त्याची बातमी होते. आणि हे जंगल 1986 मध्ये अभयारण्य झालं तेव्हा नावात कोण आलं? औट्रमघाट. वाघ मारणाऱ्याच्या नावाचा घाट, त्या घाटाच्या नावाचं अभयारण्य. कोणी मुद्दाम केलेला विनोद नव्हे, पण आहे खरा.

बंदूक या डोंगरात आली ती अशी, ज्यांना कोणाची भीती बाळगायची नव्हती त्यांच्या खांद्यावरून. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भिल्ल, पावरा, कोकणा यांच्याकडेही तीरकामठा होता, शिकार तेही करत. पण त्यांच्याकडे वाघदेवही होता. शिवेवरच्या लाकडात किंवा दगडात वाघ कोरायचा, वर्षातून एकदा त्याला नैवेद्य दाखवायचा, गुरांना आणि माणसांना सांभाळ म्हणून सांगायचं. शिकलेली माणसं याला भीतीपोटी केलेली पूजा म्हणतात. असेल. पण त्यात एक व्यवहार आहे: तू इथे राहणार, मी पण इथे राहणार, मला तुझी भीती वाटते हे मी उघड कबूल करतो. भीती लपवायची गरज नाही आणि पुसून टाकायचीही नाही.

आता 'अभयारण्य' हा शब्द बघा. इंग्रजी शब्दात आसरा आहे. मराठीत थेट अभय आहे, भय नसलेलं अरण्य. पण कोणाला भय नसलेलं? फाटकावरचा फलक वाचताना आपण नकळत ते आपल्यासाठी समजतो. ते जनावरांसाठी आहे. देशातल्या जमिनीचा एक बारीकसा तुकडा असा राखला की जिथे त्यांनी माणसाला घाबरायचं कारण नाही. मग तिथे गेल्यावर भीती कोणाच्या वाट्याला येते? आपल्या. बाकी सगळीकडे त्यांनी आपल्याला घाबरून राहायचं असा नियम आपण केलेलाच आहे. या तुकड्यात पाहुण्यासारखं, थोडं दबून वागायचं, वेळप्रसंगी जोखीम घ्यायची. हे पटत नसेल तर न जाण्याची मोकळीक आहेच. पाटणादेवीला गेलो नाही म्हणून माझी चूल बंद पडणार नव्हती.

कट्टा नेणारा माणूस ही जोखीम नाहीशी करत नाही, दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. आधी बिबट्याच्या, हे उघड आहे. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती झुडपाआड असलेल्या माणसाची. आपल्या जंगलात बिबट्यापेक्षा माणसं कितीतरी जास्त आहेत. पहाटे मोहाची फुलं वेचायला आलेली बाई, सरपणाची मोळी बांधणारी म्हातारी, हरवलेली बकरी शोधणारं पोरगं. ही माणसं हाका मारत फिरत नाहीत. पाचोळा वाजतो तो त्यांच्या पायाखाली. घाबरलेल्या शहरी पोराच्या हातात कट्टा आणि समोर हलणारं झुडूप, हे चित्र मला बिबट्यापेक्षा भयानक वाटतं. आमच्यापैकी एकाने तर आयुष्यात दिवाळीची टिकलीची पिस्तूल सोडून काही चालवलं नव्हतं, आणि स्टेटस ठेवायची घाई सगळ्यात जास्त त्यालाच होती.

म्हणून 'वेळ आली तर मारावं का' आणि 'सोबत बाळगावं का' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला माझं उत्तर सरळ आहे. माझ्या आईच्या अंगावर बिबट्या आला आणि हातात कुऱ्हाड असली तर मी मागेपुढे पाहणार नाही. कायदाही पाहत नाही. पण दुसरा प्रश्न शांत डोक्याने, घरी, सॅक भरताना विचारायचा असतो. तेव्हा अंगावर कोणी आलेलं नसतं.

हे उत्तर सगळ्या जगाला लावावं असं मी म्हणत नाही. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर वस्तीबाहेर पडायचं असेल तर पांढऱ्या अस्वलाला हुसकावण्याचं साधन जवळ ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि बंदूक न्या असं तिथलं प्रशासन सुचवतं. उघडा बर्फ, झुडपाआड मोहाची फुलं वेचणारं कोणी नाही, आणि ते अस्वल माणसाला खाणं म्हणून बघू शकतं. तिथे मीही नेईन. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक, जो स्वतः शिकारी होता, पुढे बंदूक बाजूला ठेवून नागझिऱ्याच्या जंगलात नुसतं बघायला जाऊन राहिला. ते नागझिरा होतं म्हणून.

इथपर्यंत मी त्या दिवशीच पोचलो होतो. इतकं नेटकं नव्हे, पण गाभा हाच. पाहुण्यासारखं वागावं, जोखीम आपली आपण घ्यावी वगैरे. मित्राने डबा बंद केला, हात झटकले आणि म्हणाला,

"तू फिराले येतो रे भाऊ. मी राती पाणी द्याले जातो. हे तुह्याले नही आनलं मी. हे माह्या सॅकमंदी रोजच असते."

मी गप्प झालो. आजही त्या वाक्यासमोर पूर्ण उभा राहू शकतो असं नाही.

त्याचं शेत मुक्ताईनगर तालुक्यात आहे. डोलारखेडा आणि वढोद्याच्या त्या पट्ट्यात केळीच्या बागांमध्ये वाघ राहतात, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगितली तर खोटी वाटते. केळीची दाट सावली, गारवा, पाणी, रानडुकरांची चंगळ. वाघाच्या दृष्टीने बाग आणि जंगल यांत फरक काय? दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची वीज. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीपाळीने मिळते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस रात्री जातो. मोटर सुरू करायची, वाल बदलायचे, गव्हाचं बारं फोडायचं. मोबाइल तोंडात धरून, दोन्ही हात चिखलात, वाकलेला. वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही असं म्हणतात.

2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी एका बिबट्याने काही महिन्यांत एकामागून एक माणसं मारली. शेतात काम करणाऱ्या बाया होत्या त्यांत, लहान मुलं होती. संध्याकाळ झाली की गावं दारं लावून बसत. वनखात्याने पिंजरे लावले, शेवटी डिसेंबरात हैदराबादच्या शिकाऱ्याला बोलावून वरखेड्याजवळ त्याला गोळी घातली. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि 'बिबट्या आपल्या घरात नाही आला, आपण त्याच्या घरात गेलो' अशी पोस्ट फॉरवर्ड केली होती. लाइक बरेच मिळाले. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, त्यांच्यापैकी कोणाच्या फोनवर ती पोचली असेल का, हा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. ती पोस्ट म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर दाखवलेलं माझं धैर्य होतं.

आता ती कलम 11 ची अट. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरणाऱ्याला ती माफी देत नाही, बांधावरच्या माणसाला देते. मला जे भांडून भांडून नीट म्हणता येत नव्हतं, ते 1972 च्या कायद्यात कोणीतरी कोरड्या भाषेत लिहून ठेवलं होतं. हौसेने भीतीच्या दारात जाणारा आणि जिच्या दारात भीतीच आली तो, या दोघांना एक माप लावायचं नाही. शस्त्र कायद्यातही पीक राखायला ठासणीची बंदूक, स्वसंरक्षणाला लांब नळीची बंदूक यासाठी परवाना मागायची सोय आहे. मित्राचा कट्टा त्यात बसत नाही, ते सोडा. पण त्याची मागणी बसते.

तरी मला ही वाटणी पुरी पडत नाही. कारण माफी मिळते ती मारल्यानंतर, आणि जिवंत राहिलात तर. रात्री वाल बदलायला जाताना कायदा सोबत चालत नाही. मित्राला खरं हवंय ते हत्यार नाही, दिवसाची वीज आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचं आश्वासन तेच आहे. त्याच्या फीडरवर ती अजून आलेली नाही. तोवर काय करायचं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी त्याला पाहुण्याचे शिष्टाचार शिकवत होतो.

उलट बाजूने एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. 2019 च्या जूनमध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरणा वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. सुमारे 1,300 किलोमीटर चालून तो डिसेंबरात आमच्या शेजारच्या ज्ञानगंगेत पोचला. शेतं, रस्ते, ओढे, गावांच्या कडा. शेकडो माणसं त्याच्या जवळून गेली असतील, त्यांना पत्ताही लागला नाही. तो विसावला होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा एक जण जखमी झाला, बाकी त्याने कोणाला काही केलं नाही. त्याच टिपेश्वरच्या शेजारी, पांढरकवड्याकडे, वर्षभर आधी 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री अवनी वाघिणीला गोळी घातली गेली होती. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न खरंच झाला का, यावरून मोठा वाद पेटला. प्रशिक्षित लोक, सरकारी आदेश, तयारी, आणि तरीही अंधारात झाडलेल्या एका गोळीचा हिशेब नीट लागला नाही. मग एकट्या, घाबरलेल्या, चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा कसा लागावा?

हे मी मित्राला सांगितलं ते पाटणादेवीला नाही, दीड महिन्याने, त्याच्या शेतात. आमचं बोलणं परत सुरू व्हायला तेवढे दिवस गेले. त्याची रात्रीची पाळी होती. मीच म्हणालो, येतो सोबत. साडेअकराला वीज आली. तो पुढे, मी मागे. त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्यात टॉर्च. दर पाच-सात पावलांना काठी पाइपावर आपटायची आणि मोठ्याने खाकरायचं, ही त्याच्या वडिलांची पद्धत. कट्टा आहे का, मी विचारलं नाही. सॅक नव्हती, पण बंडी जाड होती.

गव्हापलीकडे केळीची बाग काळीकुट्ट उभी होती. वाऱ्याने पानं फाटल्यासारखी वाजत होती आणि प्रत्येक आवाजाला माझं डोकं तिकडे वळत होतं. त्याचं वळत नव्हतं. तो वालाशी झटत होता. मी त्याच्या मागे टॉर्च धरून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्याच्या बंडीत तो कट्टा असावा असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. डोंगरातल्या अंजनाखाली जे मी इतक्या ठामपणे बोललो होतो, ते त्या केळीसमोर मला आठवलंसुद्धा नाही.

दुसरा वाल बदलून झाल्यावर तो सरळ झाला, पाठ चोळली आणि माझ्याकडे टॉर्च मारला.

"काहून रे, घाबरला का?"

"हो."

"मंग खाकर ना जोरात," तो म्हणाला, आणि पुढच्या बाऱ्याकडे चालू लागला.